वाचकांचे प्रश्न: सगळा खेळ त्यांचा, मग जबाबदारी माझी कशी?

मागच्या अंकात मीडिया, पैसा आणि आपण या विषयावर प्रश्न मागवले होते. बरीचशी पत्रं भांडायच्या मूडमध्ये आलीत, ते चांगलंच आहे. जमतील तेवढी घेतलीत, लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

ताई, चॅनेलवाल्यांना मी शिव्या घातल्या की माझा भाऊ एकच वाक्य फेकतो, "लोकांना जे बघायचंय तेच ते दाखवतात, लोकांनी बघणं सोडलं तर उद्या बंद होईल." मला पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. खरंच दोष आपलाच आहे का?
– भावाशी रोज हरणारा

भावाचं वाक्य अर्धं खरं आहे म्हणूनच ते इतकं चिवट आहे. लोक बघतात म्हणून चालतं, हे कोण नाकारणार. पण त्या वाक्यात एक गोष्ट हळूच गृहीत धरलीय की तुम्ही गिऱ्हाईक आणि चॅनेल दुकानदार. आता पैसे कोण मोजतं ते बघा. 1833 साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे या माणसाने 'द सन' नावाचा पेपर काढला, बाकीचे पेपर सहा सेंटला मिळायचे तेव्हा याने किंमत ठेवली एक सेंट. उरलेली सगळी भिस्त जाहिरातींवर आणि खपावर. म्हणजे धंद्याची दिशाच फिरली, वाचकाला पेपर विकायचा यापेक्षा स्वस्तात भरपूर वाचक गोळा करायचे आणि त्यांचं लक्ष जाहिरातदाराला विकायचं हे जास्त फायद्याचं ठरलं. दोनच वर्षांनी, 1835 मध्ये, याच पेपरने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली अशी मालिका छापली, वर जॉन हर्शेल या खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव चिकटवून, आणि पेपर धो धो खपला. तेव्हा क्लिकबेट मोबाईलने आणलं असं कोणी म्हटलं तर त्याला चंद्रावर पाठवा.

डॅलस स्माइद या कॅनडाच्या अभ्यासकाने 1977 मध्ये हे अगदी रोखठोक मांडलं की जाहिरातीवर चालणाऱ्या माध्यमाचा खरा माल म्हणजे प्रेक्षक, कार्यक्रम हे फक्त त्याला बसवून ठेवायचं आमिष. आज मेटा कंपनीच्या कमाईतला 95 टक्क्यांहून जास्त पैसा जाहिरातींतून येतो. तुम्ही तिथे एक पैसा न देता तासन्‌तास बसता, आणि फुकट कोणी बसू देत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहितीय.

पण माझा मुख्य मुद्दा भावाच्या त्या 'बघायचंय' वर आहे. हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञाने 1971 मध्ये इच्छेचे दोन मजले दाखवले. एक साधी इच्छा, आत्ता हे बघावंसं वाटतंय. दुसरी, त्या इच्छेबद्दलची इच्छा, म्हणजे मला हे बघावंसं वाटूच नये असं मला वाटतं. सिगारेट ओढणाऱ्याला विचारा, दोन्ही एकाच वेळी असतात, आणि माणूस म्हणून आपण जे काही असतो ते बरंचसं त्या वरच्या मजल्यावर असतो. टीआरपी आणि क्लिक फक्त खालचा मजला मोजतात. अपघाताचा व्हिडिओ समोर आला की डोळा जातोच, त्याचा आकडा होतो, आणि तो आकडा घेऊन कोणीतरी मीटिंगमध्ये सांगतो की लोकांना अपघातच हवेत. उद्या भावाला एवढंच विचारा की तू स्वतः जे जे बघतोस ते सगळं तुझ्या मुलांनी बघावं असं तुला वाटतं का. गप्प बसला तर वरचा मजला शाबूत आहे.

मी कॉलेजला आहे. नोम चॉम्स्कीबद्दल वाचल्यापासून एकही बातमी खरी वाटत नाही. सगळे विकले गेलेत. मग बातम्या वाचायच्या तरी कशाला?
– सेकंड इयर

अरे, जे वाचलंस ते पुन्हा नीट वाच. एडवर्ड हर्मन आणि चॉम्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी 1988 मध्ये बातम्या कशा गाळल्या जातात याचं जे मॉडेल मांडलं त्यात पाच गाळण्या आहेत, मालकी, जाहिरात, बातमी कोणाकडून मिळते ते, विरोधात उठवलेला गदारोळ आणि त्या काळातला कम्युनिझमचा बागुलबुवा. यात कुठेही बंद खोलीत बसलेली टोळी नाही. उलट त्यांचं म्हणणं असं की प्रामाणिक पत्रकार प्रामाणिकपणे काम करत असतानाही बातमी एका बाजूला कलते, कारण ज्याला वेगळं दिसतं तो त्या खुर्चीपर्यंत सहसा पोचतच नाही. हे 'सगळे विकले गेलेत' पेक्षा फार वेगळं आणि खरं तर जास्त अवघड म्हणणं आहे. आणि गंमत म्हणजे त्यांनी पुरावे कुठून काढले तर त्याच पेपरांमधून, ओळ न ओळ वाचून.

सगळंच खोटं असं म्हणून टाकलं की वाचायचे, तपासायचे कष्ट वाचतात, शिवाय हुशार असल्यासारखंही वाटतं. हॅना आरेंट या जर्मनीत जन्मलेल्या विचारवंत, त्यांनी 1951 मध्ये हुकूमशाहीबद्दल लिहिताना एक निरीक्षण नोंदवलंय, की लोक अशा अवस्थेला पोचले होते की एकाच वेळी कशावरही विश्वास ठेवायचे आणि कशावरच ठेवायचे नाहीत. त्या दोन गोष्टी विरुद्ध वाटतात पण एकाच माणसात सुखाने नांदतात, तुझ्या ग्रुपमध्येच बघ, जो कुठल्याच पेपरवर विश्वास ठेवत नाही तोच कुठलाही व्हिडिओ पहिला पाठवतो.

मी एका ॲप कंपनीत आहे. ॲप बंद केलेल्या माणसाला परत आणायला कुठलं नोटिफिकेशन कधी पाठवायचं हे आमची टीम ठरवते. आकडा वाढला की बोनस. रात्री दीड वाजता परत आलेले लोक मला डॅशबोर्डवर दिसतात, म्हणजे ठिपके दिसतात. घराचा हप्ता आहे, नोकरी सोडणं शक्य नाही. ताई, मी वाईट माणूस आहे का?
– नाव छापू नका

नाव छापत नाही. पण तुमचा प्रश्नही थोडा बदलून घेते, कारण 'मी वाईट आहे का' याचं उत्तर हो आलं तर तुम्ही रडाल, नाही आलं तर झोपाल, आणि दोन्ही वेळा ते नोटिफिकेशन दीड वाजता जाईलच.

आरेंट पुन्हा लागणार इथे. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी त्यांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. दोष हा नेहमी एका माणसाचा, त्याने केलेल्या एका कृत्याचा. तो वाटता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराबद्दल जर्मनीत 'आपण सगळेच दोषी' असं म्हणायची टूम निघाली तेव्हा त्यांना ते अजिबात आवडलं नाही, कारण सगळेच दोषी म्हटलं की कोणीच दोषी उरत नाही, ज्याने खरंच केलं तो गर्दीत मिसळून जातो. दुसऱ्या बाजूने, 'मी फक्त यंत्रातला एक दाता होतो' हेही त्यांनी चालू दिलं नाही. कोर्टात यंत्र उभं नसतं, माणूस उभा असतो, आणि त्याला विचारता येतं की बाबा तू दाता का झालास आणि का राहिलास. (नोटिफिकेशनची तुलना नरसंहाराशी करत नाहीये, उगाच पत्रं पाठवू नका. विचार करायची पद्धत घेतेय फक्त.)

पण तुमच्या परिस्थितीला आरेंटपेक्षा आयरिस मॅरियन यंग जास्त जवळच्या आहेत. या अमेरिकन तत्त्वज्ञ, 2006 मध्ये गेल्या, त्यांचं या विषयावरचं शेवटचं पुस्तक 2011 मध्ये मागाहून आलं. त्यांनी उदाहरण घेतलं कपड्यांच्या कारखान्यांचं, जिथे कामगार तुटपुंज्या पगारावर राबतात. साखळीतल्या ग्राहकाला स्वस्त शर्ट हवा, दुकानाला नफा हवा, कंत्राटदाराला ऑर्डर टिकवायची, प्रत्येकजण आपापल्या चाकोरीत बऱ्यापैकी कायदेशीर वागतोय आणि तरीही शेवटच्या टोकाला अन्याय तयार होतोच. अशा वेळी गुन्हेगार शोधत बसण्यात अर्थ नाही असं त्या म्हणतात. म्हणजे ज्याने गुन्हा केला त्याला सोडा असं नाही, पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. त्या प्रक्रियेत ज्याचा ज्याचा हात लागतो त्याच्यावर पुढची जबाबदारी येते, ती प्रक्रिया बदलायची, आणि इतरांबरोबर मिळून बदलायची. मागे वळून किती रडलात हे त्यात मोजतच नाहीत.

मग कोणाची किती? यंग यांनी चार गोष्टी बघायला सांगितल्या, तुमच्याकडे ताकद किती, तुम्हाला फायदा किती होतो, बदल व्हावा यात तुमचं हित किती आणि आधीच जमलेल्या एखाद्या गटाची मदत घेता येते का. आता स्वतःला लावून बघा. दीड वाजता फोन उचलणाऱ्या माणसापेक्षा तुमच्याकडे ताकद कितीतरी जास्त आहे, कारण तो फक्त स्वतःचा फोन बाजूला ठेवू शकतो आणि तुम्ही रात्री अकरा ते सकाळी सात काहीच जाणार नाही अशी डिफॉल्ट सेटिंग सुचवू शकता. तुमच्या सीईओपेक्षा तुमची ताकद खूप कमी आहे, म्हणून त्याच्या वाटणीचं ओझं तुम्ही घेऊन फिरू नका, तो झोपतो निवांत. फायदा, बोनस मिळतो, म्हणजे आहे. हित, तुमच्या घरातही कोणाकडे तरी फोन असेलच.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी तीच विसरतात. 2018 मध्ये गूगलने अमेरिकी संरक्षण खात्यासाठी ड्रोनच्या व्हिडिओंचं विश्लेषण करणारा एक प्रोजेक्ट घेतला होता. हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या करून पत्र दिलं, काहींनी राजीनामे दिले, आणि कंपनीने जाहीर केलं की हे कंत्राट संपलं की पुढे वाढवणार नाही. एकट्याने दिलेला राजीनामा एचआरच्या फाईलमध्ये जातो, हजार सह्या बातमीत जातात. किंमत पडत नाही असं मात्र नाही, त्याच वर्षी तिथे लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून झालेल्या वॉकआउटच्या दोन आयोजकांनी नंतर आपल्यावर सूड उगवला गेल्याचं सांगितलं आणि पुढे कंपनी सोडली. म्हणून हप्ता चालू असताना हिरो व्हा असं मी सांगणार नाही. टीममध्ये अजून कोणाला ते ठिपके खटकतात ते शोधा, नक्की असेल कोणीतरी, सगळे एकमेकांना बघून गप्प असतात. पुढच्या रिव्ह्यूमध्ये आणखी एक आकडा ठेवायचा आग्रह धरा, आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी विचारायचं की काल परत आलात त्याचा उपयोग झाला का, की नसतो आलो तर बरं झालं असतं. वरचा मजला मोजायचा हा एक साधा मार्ग आहे. आणि आक्षेप घ्याल तो लेखी घ्या, ईमेलवर, तोंडी बोललेलं मीटिंगच्या चहाबरोबर संपतं.

वैयक्तिक जबाबदारी हे सगळं भांडवलदारांनीच काढलेलं खूळ नाही का? कारखाने त्यांचे, धूर त्यांचा, आणि आम्ही कापडी पिशवी घेऊन हिंडायचं!
– चिडलेला

काही बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे तुमचं. अमेरिकेत 1953 मध्ये 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था निघाली, नाव किती गोड, आणि तिच्या मागे होत्या डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्या. त्याच वर्षी व्हरमॉंट राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बंदी आणली होती हे लक्षात ठेवा. 1971 मध्ये या संस्थेची एक टीव्ही जाहिरात गाजली, कचरा बघून एका आदिवासी माणसाच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो आणि संदेश असा की प्रदूषण लोक सुरू करतात, लोकच थांबवू शकतात. लोक म्हणजे कोण तर तुम्ही, बाटली बनवणारा नाही. (तो आदिवासी माणूस प्रत्यक्षात इटालियन वंशाचा नट होता, म्हणजे अश्रूही भाड्याचा.) आणि ज्या कायद्यांनी बाटल्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या असत्या त्यांना या मंडळींनी विरोधच केला. पुढे 2004 मध्ये बीपी या तेल कंपनीने लोकांना स्वतःचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजायचं कॅल्क्युलेटर दिलं. तेल कंपनीने!

पण इथून 'म्हणून माझी काहीच जबाबदारी नाही' यावर उडी मारलीत तर त्यांचं काम अजून सोपं होतं. त्यांना तुम्ही दोन्ही रूपांत चालता, अपराधी ग्राहक म्हणूनही आणि चिडून घरी बसलेला माणूस म्हणूनही, कारण दोन्ही एकटे असतात. त्यांना न चालणारा माणूस तिसरा, जो बाटली परत घेण्याचा कायदा मागायला शंभर जणांना घेऊन येतो. 1971 मध्येच ऑरेगन राज्याने तसा कायदा केला, रिकामी बाटली परत केली की पैसे परत. पिशवी न्या हो, पिशवीने कोणाचं वाईट होत नाही, फक्त ती घेऊन कुठे जाताय ते बघा.

जगात कुठे ना कुठे युद्ध चालू असतं, रोज त्याचे व्हिडिओ बघते, रडते, आणि मग स्वयंपाकाला लागते. बघितलं नाही तर स्वार्थी वाटतं, बघितलं तर नुसतं पिळवटून निघतं. काय करू?

नील पोस्टमन या अमेरिकन लेखकाने 1985 मध्ये माहिती आणि कृती यांच्या प्रमाणाबद्दल लिहिलं होतं. तार आली आणि तेव्हापासून दूरदूरच्या बातम्या मिनिटात घरात यायला लागल्या, पण त्यावर करता येण्यासारखं काही त्याबरोबर आलं नाही. आता तर बिचारं मन दिवसभर हाका ऐकतं आणि एकालाही ओ देऊ शकत नाही. बघणं हे कर्तव्य नाही, असं मला स्पष्ट वाटतं. तुम्ही दहावा व्हिडिओ बघितल्याने तिथल्या एकाही माणसाला काही मिळत नाही, मिळतं ते प्लॅटफॉर्मला. एखादा विषय निवडा, त्यावर सावकाश, खोलात वाचा, त्यासाठी पैसे किंवा वेळ किंवा आवाज यातलं काही द्या, आणि बाकीच्या विषयांना आत्ता मी देऊ शकत नाही असं स्वतःशी कबूल करा. यात स्वार्थ वगैरे काही नाही. सगळ्या जगासाठी थोडं थोडं रडण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

फॅमिली ग्रुपवर काका रोज खोटंनाटं फॉरवर्ड करतात. मोठे आहेत, बोलायचं कसं?

ग्रुपवर नाही, वेगळा फोन करून. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चुकीला चिकटून बसतो. फोनवर एवढंच विचारा, "काका, हे तुम्हाला कुठून आलं?" पुरे. आणि सगळा दोष काकांवर टाकू नका, बटण कोणी किती सोपं केलं हेही बघा. व्हॉट्सॲपने 2019 मध्ये जगभर एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली, मग एप्रिल 2020 मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज 70 टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनेच सांगितलं. काका तेच, स्वभाव तोच.

एवढं सगळं लिहिता ताई, पण तुमचं मासिकही जाहिराती छापतंच ना? मग तुम्ही वेगळ्या कशा?
– रोखठोक

छापतं. पानं उलटून मोजा, लपवण्यासारखं काही नाही. आणि हा प्रश्न आमच्याही आधीचा आहे. डॉ. आंबेडकरांनी 1943 मध्ये रानड्यांवरच्या पुण्यातल्या भाषणात म्हटलं होतं की पत्रकारिता कधीकाळी पेशा होता, आता धंदा झालाय, आणि साबण बनवण्याच्या धंद्यापेक्षा जास्त नैतिक काम त्याला उरलेलं नाही. ज्या माणसाने स्वतः 1920 मध्ये 'मूकनायक' काढून, पैशाची चणचण सोसून पेपर चालवून बघितला होता त्याचं हे मत आहे, त्यामुळे ते झटकून टाकता येत नाही.

जाहिरात छापली म्हणजे लगेच विकले गेलो असं मी मानत नाही, बघायचं ते हे की जाहिरात नेमकी कुठपर्यंत आत येते. ग्लोरिया स्टायनेम या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने 'मिझ' या आपल्या मासिकाचा अनुभव 1990 मध्ये लिहिलाय. मुखपृष्ठावर रशियातून बाहेर काढलेल्या स्त्रीवादी बायकांचा फोटो होता, मोठी बातमी होती ती, पण त्या बायकांनी मेकअप केलेला नव्हता म्हणून एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीची जाहिरात मिळवायची सगळी खटपट वाया गेली. जाहिरातदाराला फक्त त्याचं पान नको असतं, शेजारचं पानही त्याच्या मूडला शोभेल असं हवं असतं. शेवटी 1990 मध्ये 'मिझ'ने जाहिराती बंदच केल्या आणि खर्च वाचकांवर टाकला, वर्गणी बरीच वाढली, आणि वाचकांनी ती भरली.

आमच्याकडे तसं करायचं तर अंकाची किंमत कितीतरी पट होईल, हे संपादकांना विचारून लिहितेय. तुम्ही भराल का ते कळवा. आणि तोपर्यंत एखाद्या जाहिरातीच्या शेजारी तिचंच कौतुक करणारा लेख दिसला तर पान नंबर लिहून पाठवा, मी या सदरात छापते, संपादकांनी छापू दिलं नाही तर तेही सांगते.